टाळासाठी घेतलेले स्पीकर

नागोजीरावांनी जन्मभर एकच काम केलं. होसूर रोडकडच्या एका फौंड्रीत ओतलेलं लोखंड थंड झालं की त्याच्या कडांना राहिलेला फाजील भाग छिन्नीने तोडायचा, घासायचा, आणि शेवटी तो नग हातोडीने वाजवून पाहायचा. चांगला नग खणखणतो. आत तडा असला की बद्द वाजतो. नागोजीरावांनी बद्द म्हटलेला नग परत भट्टीत जात असे, फोरमन दुसऱ्या कुणाला विचारत नसे. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांनी पास केलेले काही नग गिऱ्हाइकाकडून परत आले होते. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लोखंड आता पूर्वीसारखं येत नाही.

रिटायर झाल्यावर त्यांच्याजवळ दोन गोष्टी राहिल्या. जयनगरला लागून असलेल्या सिद्धापुऱ्यातलं दोन खोल्यांचं घर, आणि वडिलांचा काशाचा टाळ. गल्लीच्या टोकाला अंबाभवानीचं देऊळ. आसपासची जुनी मराठी घरं दर शुक्रवारी तिथे भजनाला जमत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असं त्या घरांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. भजनाचे शब्द अर्ध्या लोकांना कळत नसत, पण चाली सगळ्यांना पाठ. टाळ नागोजीरावांचा.

शहाण्णव सालच्या श्रावणात एका शुक्रवारी भजन संपलं, प्रसाद वाटून झाला, आणि भीमसेनराव त्यांच्या शेजारी येऊन बसले. भीमसेनराव पेटी वाजवत आणि गात. कोर्टात शिरस्तेदार होते. कुणाला नाही म्हणायचं असलं की आधी त्याचं कौतुक करायची त्यांना सवय होती.

"अण्णा, तुमच्यासारखा लयीचा पक्का माणूस मंडळीत दुसरा नाही."

"काय पाहिजे ते सांगा."

"टाळ स्वल्प जोरात पडतो."

"स्वल्प?"

"नाही. बराच." भीमसेनरावांनी उपरणं झटकलं. "यंदा नवरात्रात माइक लावायचा म्हणताहेत सगळे. माइकात तुमचा टाळ शिरला की बाकी कुणी उरत नाही हो. यंदा तुम्ही नुसतं म्हणायला बसा."

"बापाच्या हातचा टाळ आहे हा. वाजायला जेवढं मारावं लागतं तेवढंच मारतो मी. त्याच्यावर एक चिमूट नाही."

"सगळे म्हणताहेत, अण्णा."

"सगळ्यांचं राहू दे. गेल्या नवरात्रातली कॅसेट आहे ना तुमच्याकडे? ती द्या."

नागोजीरावांचा मुलगा मस्कतला होता. मागच्या खेपेला त्याने कॅसेट डेक आणि अँप्लिफायर आणून ठेवला होता. स्पीकर विमानात कोण आणणार, ते इथेच बघून घ्या, म्हणून पैसे देऊन गेला. ते पैसे तसेच पडून होते आणि डेकवर सगुणाबाईंनी क्रोशाचा रुमाल घातला होता. त्यामुळे नागोजीरावांनी कॅसेट घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली. पेटी आली. ढोलकी आली. भीमसेनरावांचा घसा आला, वरच्या सुरात थोडा चिरकलेला. टाळ आलाच नाही. त्यांनी कॅसेट उलटून दुसरी बाजू ऐकली. तिथेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भीमसेनरावांच्या दारात उभे.

"जोरात पडतो म्हणता. कॅसेटीत माझा टाळ मुळात नाहीच!"

भीमसेनराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. "त्या खोक्यावर काय ऐकू येणार? टाळासारखा बारीक आवाज त्यात मरतो. चांगल्या स्पीकरवर लावा म्हणजे कळेल." विषय संपावा म्हणून त्यांनी ते म्हटलं असावं.

"सरी, ठरलं. चांगल्या स्पीकरवर लावतो. तुम्हाला बोलावून लावतो. टाळ जोरात नसला तर नवरात्रात मी माइकासमोर बसणार."

"आणि असला तर?"

"तर टाळ तुमच्या हातात देतो. शब्द."

"सरी," भीमसेनराव म्हणाले आणि दुसऱ्या गालाकडे वळले.

एस. पी. रोडच्या आतल्या एका गल्लीत विश्वेश्वरचं दुकान होतं. तोही मराठीच, चिकपेटेत वाढलेला. म्हणून नागोजीराव त्याच्याकडे गेले. आपला माणूस फसवणार नाही, एवढाच हिशोब. दुकानात पुढे वायरींची भेंडोळी, मागे भिंतीला लागून कमरेएवढे उंच स्पीकर जोडीजोडीने उभे. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत. पेट्या इथल्याच सुताराच्या, आतलं सामान दिल्लीचं. ज्यांना मोठ्या दुकानातले परवडत नाहीत त्यांच्यासाठी.

"काय ऐकायचं असतं घरी?" विश्वेश्वरने विचारलं.

"भजन. आणि त्यात टाळ."

विश्वेश्वरने मात्र सिनेमाचं गाणं लावलं. धम धम असा आवाज पोटात शिरला आणि काउंटरवरचे स्क्रू नाचायला लागले.

"बघा अण्णा, काय बेस आहे!"

"बंद कर. गिऱ्हाइकाला बहिरं करून माल विकतोस होय? माझी कॅसेट लाव."

कॅसेट लावली. शेजारी एक मोटारसायकल दुरुस्तीवाला, बाहेर हातगाड्या, वर पंखा. त्या गोंगाटात काही कळेना. तेव्हा नागोजीरावांनी आपल्या पद्धतीने माल पाहायला घेतला. एकेक पेटी तिरकी करून वजन पाहिलं. कडांवरून अंगठा फिरवला. पाठीमागे एक गोल भोक दिसलं.

"हे का उघडं ठेवलंय?"

"श्वास घ्यायला. जाड आवाज तिथून बाहेर येतो."

"हं." मग त्यांनी बोटाच्या पेराने प्रत्येक पेटी वाजवली. बहुतेक पेट्या बद्द वाजल्या. कोपऱ्यातली एक जोडी मात्र चांगली टणटणीत बोलली. वरून सागवानी रंगाचा चकचकीत कागद, पुढे काळी जाळी, आणि जाळीमागे तीन गोल तोंडं, मोठं, मधलं, धाकटं.

"ही."

विश्वेश्वरने डोकं खाजवलं. "अण्णा, एक सांगू? पेटी बोलली नाही पाहिजे. आतला कागद बोलला पाहिजे, पेटीने मुकाट राहायचं. ती बाजूची घ्या. दिसायला साधी आहे, दोनच तोंडं आहेत, पण—"

"मला नको शिकवू. वाजवून पाहण्यात माझा जन्म गेला. बद्द वाजतं ते फुटकं."

"लोखंडाचं वेगळं, अण्णा."

"आणि त्याच पैशात तीन तोंडं सोडून दोन कोण घेईल?"

विश्वेश्वरने हात जोडले आणि जोडी बांधून दिली.

कलासीपाळ्यच्या स्टँडवर कंडक्टरने पेट्या बघूनच मान हलवली. रिक्षावाल्याने वर पैसे मागितले, "मीटरवर स्वल्प जास्ती कोडी, यजमान्रे, सामान आहे." एक स्पीकर मांडीवर, एक पायांत, गुडघे हनुवटीला, असे नागोजीराव घरी आले. शेजाऱ्यांनी मदतीला हात पुढे केला तो त्यांनी परत पाठवला. धरता येत नसेल तर माणसाने माल घेऊ नये, असं त्यांचं मत होतं.

वायरी जोडून कॅसेट लावली. आवाज मोठा झाला, खोलीभर झाला. ढोलकीची थाप जमिनीतून पायात आली. टाळ नाही.

"सगुणा, टाळ येतोय का गं?"

सगुणाबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. "येतोय की."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? सगळीकडे."

"तू कॅसेट ऐकतच नाहीस. वर्षानुवर्षं ऐकलेलं डोक्यात बसलंय तुझ्या, ते सांगतेस."

"बरं," सगुणाबाई म्हणाल्या. "मग नाही येत."

नागोजीरावांना चैन पडेना. त्यांनी जाळी काढली. आवाज वाढवून प्रत्येक तोंडावर हलकेच बोट ठेवलं. मोठं तोंड बोटाला लाथा मारत होतं. मधलं गप्प. धाकटंही गप्प. मग वीजच गेली, नेहमीप्रमाणे. खिडकीपाशी पेटी ओढून त्यांनी स्क्रू काढले. मधल्या तोंडाला मागून वायरच नव्हती. मागे लोहचुंबकही नव्हतं. नुसता कागद, शोभेला चिकटवलेला.

 बांधलेलं सोडवून बघितलं नसतं तर जन्मभर ते तोंड त्यांच्याकडे बघत राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा, पेट्या, गुडघे, सगळं उलट दिशेने. विश्वेश्वरने मधलं तोंड हातात घेऊन उलटसुलट केलं. त्याचं तोंड उतरलं.

"अण्णा, देवाशप्पथ. दिल्लीहून बंद खोक्यात माल येतो. मी प्रत्येक उघडून बघत नाही."

"का नाही बघत? विकतोस ना तू? मी फौंड्रीतून न वाजवता एक नग बाहेर सोडला असता तर फोरमनने मला बाहेर सोडलं असतं."

"चुकलं. काय करू सांगा."

"टाळ ऐकवणारा स्पीकर दे."

विश्वेश्वरने ती साधी जोडी पुढे ओढली. काळपट, वर कसलाही कागद नाही, उचलायला दगडासारखी. जाळी काढून त्याने दोन्ही तोंडं मागून उघडून दाखवली, वायर, चुंबक, सगळं. "यात दोनच आहेत, पण दोन्ही कामाची. वरचं धाकटं बारीक आवाजाचं. टाळ त्यातून येणार. बाकी पैसे पण परत घ्या, ही स्वस्त आहे."

नागोजीरावांनी पेटी वाजवली. बद्द. मनाला पटेना, पण मागचा अनुभव ताजा होता. त्यांनी घेतली.

घरी आल्यावर कबूल करावं लागलं की माल खरा होता. भीमसेनरावांच्या आवाजातली चीर साफ गेली. तो चिरका त्या जुन्या खोक्याचाच होता. ढोलकीवरचं बोट आणि तळवा वेगळे कळायला लागले. पेटीचा भाता ओढल्याचा श्वासदेखील येत होता. फक्त टाळ नव्हता. नागोजीराव वरच्या धाकट्या तोंडाला कान लावून बसले. बोट लावून पाहिलं. ते हलेचना.

"हेही मेलेलंच! वायर दाखवायला जोडली हरामखोराने."

"अहो, वाजतंय ते," सगुणाबाई म्हणाल्या. "मला इथे ऐकू येतंय."

"काय वाजतंय?"

"छन छन."

"छन छन तुझ्या बांगड्या."

सगुणाबाईंनी बांगड्यांकडे बघितलं आणि पुन्हा तांदळाकडे बघितलं.

तिसऱ्या खेपेला विश्वेश्वरने काही विचारलं नाही. धाकटं तोंड काढून नवं बसवलं, जोडून दाखवलं, म्हणाला, "आता वाजतंय." गोंगाटात नागोजीरावांनी मान हलवली. घरी आल्यावर तेच. चौथ्या खेपेला त्यांनी दुकानात पाऊल टाकलं तेव्हा विश्वेश्वर काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"दिसतोयस मला," नागोजीराव म्हणाले.

तो उठला. "अण्णा, पाया पडतो. मी दोनदा बदलून दिलं. यंत्र लावून बघितलं. स्पीकरमध्ये खोट नाही."

"मग कुठे आहे?"

विश्वेश्वरने त्यांच्याकडे बघितलं. काही बोलायला गेला, मग म्हणाला, "डेकमध्ये असेल. कॅसेटीत असेल. घरी आणखी दोघाचौघांना बसवून ऐका ना. एकट्याने ऐकू नका."

हे बरं वाटलं. कॅसेटीतच टाळ नसेल, तर नागोजीरावांचंच म्हणणं खरं ठरत होतं. या खेपेला त्यांनी पेट्या नेल्याच नव्हत्या, त्यामुळे परतीची रिक्षा वाचली. वाटेत ते थेट भीमसेनरावांकडे गेले.

"उद्या सकाळी कॉफीला या. स्पीकर घेतलेत. एस. पी. रोडवर या पैशात याहून चांगला माल नाही, मी उघडून बघितलाय. आता तुम्हीच ऐका आणि माझ्या तोंडावर सांगा."

भीमसेनराव आले. धुतलेलं धोतर, हातात छत्री. सगुणाबाईंनी कॉफी दिली आणि भिंतीला टेकून बसल्या. नागोजीरावांनी दोन्ही स्पीकर त्यांच्या तोंडाकडे वळवले, नटबोल्ट बसवावेत तसे नीट कोन लावून. मग कॅसेट लावली आणि आवाज चांगला चढवला, कुणाला बोलायला जागा राहू नये म्हणून.

आलाप झाला. ढोलकी सुरू झाली. नागोजीराव मध्ये उभे, कमरेवर हात.

"कुठाय टाळ? सांगा, कुठाय?"

 भीमसेनरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि थोडे मागे सरकले. सगुणाबाईंनी पदराचं टोक कानाशी नेलं होतं. समोरच्या घरातली म्हातारी आवाज कमी करा म्हणून खिडकीतून ओरडली, "एनप्पा अदु, स्वल्प कम्मी माडी!"

नागोजीरावांना पेटी ऐकू येत होती, ढोलकी येत होती. पण बघता बघता त्यांचं लक्ष भीमसेनरावांच्या डोळ्यांकडे गेलं. पापण्या मिटत होत्या. मिटत, उघडत, मिटत. धूळ गेल्यावर मिटतात तशा नाही. ठिणगी अंगावर येते तेव्हा माणूस मिटतो तशा. त्यांनी सगुणाबाईंकडे बघितलं. त्यांच्याही. दोघांच्या एकदम.

त्यांचा उजवा हात कमरेवरून सुटला आणि आपोआप चालायला लागला. चाल पाठच होती. हात खाली येई तिथेच पापण्या मिटत. चरण संपताना ते नेहमी दुप्पट करत. हात दुप्पट झाला. पापण्याही दुप्पट झाल्या.

चरण संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग वाकून डेक बंद केला.

 बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तो त्यांना ऐकू आला.

"तुला माहीत होतं," ते सगुणाबाईंना म्हणाले.

"होतं की."

"मग सांगायचं नाही?"

"रोज सांगते. स्वयंपाकघरातून." सगुणाबाईंनी कॉफीचे पेले गोळा करायला घेतले. "कुकरची शिटी झाली, बंद करा म्हणते. तुम्ही पेपर वाचता."

नागोजीराव आत गेले. टाळ घेऊन आले. कापडातून काढला, पण दिला नाही. भीमसेनरावांच्या समोर मांडी घालून बसले.

"थांबा. तुम्ही माझ्याकडे बघा."

त्यांनी टाळ वाजवला. पापण्या मिटल्या. त्याहून हळू. मिटल्या. त्याहून. मिटल्या, पण अर्ध्याच. मग त्यांनी एक टाळ दुसऱ्यावर नुसता टेकवला, पिकलेलं फळ टोपलीत ठेवावं तसा. भीमसेनरावांचे डोळे उघडेच राहिले.

"हे एवढं?"

"एवढं. गोड वाजलं, अण्णा."

"याला टाळ म्हणायचं? माझ्या हाताला काही लागलंच नाही."

"असं वाजवलंत तर नवरात्रात बसा ना. मी कोण नाही म्हणणारा?"

"म्हणा. अभंग म्हणा."

भीमसेनराव पेटीशिवायच गायला लागले. नागोजीराव त्यांच्या पापण्यांवर नजर ठेवून टाळ टेकवत राहिले. पहिलं कडवं निभलं. कपाळावर घाम आला. पूर्ण वजनाचा हातोडा दिवसभर चालवताना कधी एवढं दमायला झालं नव्हतं. हात वर गेला की खाली पडू पाहायचा, आणि तो मध्येच धरून ठेवायला खांद्यापासून सगळं ताणावं लागत होतं. दुसऱ्या कडव्यात हात चुकला. पापण्या मिटल्या. त्यांनी सावरलं. पुन्हा चुकला. तिसऱ्या कडव्यात रंग चढला, भीमसेनराव वरच्या सुराला गेले, नागोजीरावांनी त्या भरात डोळे मिटले. ते उघडले तेव्हा भीमसेनराव गात होते आणि मागे सरकले होते. भिंतीपर्यंत.

नागोजीरावांनी टाळ थांबवला. दोरी गुंडाळली, कापडात बांधला आणि पुढे केला.

"घ्या."

"राहू दे हो, अण्णा. असं काही नाही."

"शब्द दिला होता. ज्याला द्याल त्याला सांगा, मनगट सैल ठेव. दोरी ओली करू नको." ते थांबले. "बाकी मी काय सांगणार? कसा वाजला ते मला कळणार नाही."

भीमसेनराव गेले. छत्री विसरले, ती घ्यायला परत आले, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "स्पीकर मात्र फार चांगले मिळाले."

"चांगलेच आहेत. विश्वेश्वरला उगाच चारदा दमवला."

सगुणाबाईंनी विचारलं, "हे परत करायचे का मग?"

"का? खोट नाही त्यांच्यात. तू ऐक. क्रोशाचा रुमाल तेवढा वर घालू नको, पाठीमागचं भोक झाकलं जातं."

त्या आत गेल्या. नागोजीरावांनी स्पीकर पुन्हा भिंतीला लावले, सरळ, एका रेषेत. वायरी गुंडाळून मागे सारल्या. जाळीवरची धूळ पुसली. मग सवयीने बोटाच्या पेराने पेटी वाजवून पाहिली.

बद्द वाजली. तेवढं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.